छोट्या बोटीसाठी ट्रिम टॅब: पत्रा केवढा, कुठे आणि कशाने हलवायचा

ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, खालच्या कडेला बिजागरीने बसवलेला वरखाली हलणारा पत्रा. त्याला एकच काम येतं: बोटीचा मागचा भाग उचलणं. मागचा भाग उचलला गेला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली येते. एकाच बाजूचा टॅब खाली केला की ती बाजू उचलली जाते आणि बोट दुसरीकडे कलते. कमी वेगातही प्लेनवर टिकणं (म्हणजे पाणी कापत न जाता त्यावर उचलून घसरत धावणं), लाटांवर कमी आपटणं, सुकाणूवरून समोरचं पाणी दिसणं हे सगळे फायदे या एका गोष्टीतून येतात. मर्यादाही तिथूनच येते. टॅब नाळ वर उचलू शकत नाही. पुढे जास्त वजन असल्यामुळे जिची नाळ आधीच दबलेली आहे, त्या बोटीला टॅब लावून काही मिळणार नाही.

म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी बोटीचं नेमकं दुखणं शोधा. बोट कायम एका बाजूला झुकत असेल तर बॅटरी, इंधनाची टाकी, नांगराची साखळी आणि माणसं कुठे आहेत ते पाहा. दोन बॅटऱ्या एकाच कोपऱ्यात असतील तर एक पलीकडे हलवण्याचा खर्च टॅबपेक्षा पुष्कळ कमी आहे. बोट पाण्यावर घोड्यासारखी वरखाली उड्या मारत असेल तर ती ट्रेलरवर घ्या आणि सुमारे दीड मीटरची सरळ पट्टी कण्याला समांतर, तळाच्या मागच्या भागाला लावून धरा. पट्टी दोन्ही टोकांना टेकली आणि मध्ये फट राहिली, तर तळ मागे खाली वळलेला आहे. असा तळ नाळ दाबतो, आणि त्यावर टॅब हा उपाय नाही. पट्टी मध्ये टेकून टोकांना झुलत असेल तर तळ फुगीर आहे. उड्या बहुधा त्यानेच येतात, आणि इथे मात्र टॅब चांगला उपयोगी पडतो.

इंजिनाचा ट्रिम, म्हणजे इंजिन ट्रान्समकडे आत किंवा त्यापासून बाहेर झुकवण्याची सोय, आहेच, मग टॅब कशाला, असा प्रश्न येतो. इंजिनाचा ट्रिम बोट फक्त पुढे-मागे झुकवतो; एका इंजिनाच्या बोटीचं डावं-उजवं झुकणं त्याच्या हातात नाही. शिवाय नाळ खाली आणायला इंजिन पूर्ण आत घेतलं की पंख्याची काही ताकद बोट ढकलण्याऐवजी मागचा भाग उचलण्यात खर्च होते आणि सुकाणू जड होतं. टॅब असले की बोटीची बैठक टॅब ठरवतात आणि इंजिनाला फक्त सरळ ढकलायचं उरतं.

पत्रा केवढा

मापं सांगताना रुंदी आधी आणि लांबी नंतर सांगतात. रुंदी म्हणजे ट्रान्समच्या कडेने आडवं माप, लांबी म्हणजे बोटीच्या मागे निघालेला भाग. ढोबळ नियम असा: बोटीच्या दर फुटाला प्रत्येक बाजूच्या टॅबची एक इंच रुंदी. १८ फुटी बोटीला १८ इंच रुंद टॅबची जोडी. लांबी साधारणपणे ९ इंच, म्हणजे माप झालं १८ बाय ९. ट्रान्समवर तेवढी रुंदी मिळत नसेल, किंवा बोट जड आणि हळू असेल, तर १२ इंच लांबीचा पत्रा घेतात.

दोन पत्र्यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं असेल तर अधिक रुंद पत्रा निवडा. १८ बाय ९ म्हणजे १६२ चौरस इंच, १२ बाय १२ म्हणजे १४४. आकडे जवळ दिसतात, पण रुंद पत्रा जास्त पाण्याला वळवतो आणि त्याच्या पुढच्या तळाखालीही तेवढ्या रुंदीत दाब वाढवतो. अरुंद-लांब पत्र्यात बरंच पाणी बाजूंनी निसटतं. लांब पत्रा ही जागेच्या अडचणीतली तडजोड आहे, पहिली पसंती नव्हे.

मापाच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे छोटा पत्रा घेणं. छोटा स्वस्त, बसवायला सोपा, आणि पाण्याला कमी अडवेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. उचलण्याची ताकद वेगाच्या वर्गाने बदलते: २० नॉट वेगाला मिळणाऱ्या ताकदीच्या फक्त एक चतुर्थांश ताकद १० नॉटला मिळते, आणि टॅबची गरज तर कमी वेगातच सर्वाधिक असते. छोट्या पत्र्याला तेवढं काम करायला जास्त कोनात खाली यावं लागतं. फार वाकलेला पत्रा पाणी वळवण्यापेक्षा अडवतो जास्त. मोठा पत्रा दोन-तीन अंश वाकूनच ते काम करतो आणि गरज संपली की वर जातो. म्हणून ट्रान्समवर जेवढा नीट बसेल तेवढा मोठा पत्रा घ्या.

याला अपवाद वेगवान बोटींचा. ५० नॉटच्या पुढे धावणाऱ्या बोटीत मोठा पत्रा चुकून एका बाजूने पूर्ण खाली गेला तर बोट क्षणात फिरते. तिथे अरुंद, जाड आणि खास त्या वेगासाठी बनवलेले टॅब लागतात. १४ फुटांच्या आतल्या हलक्या आउटबोर्ड (इंजिन ट्रान्समवर बाहेर टांगलेल्या) होडीला, उड्या थांबवणं एवढीच अडचण असेल तर, इंजिनाच्या आडव्या फिनवर बसणारे प्लास्टिकचे पंख पुरतात. बाजूचा कल मात्र त्यांनी सुटत नाही.

ट्रान्समवर खरोखर किती जागा आहे

नियमाने आलेला आकडा आणि ट्रान्समवरची मोकळी जागा यांचं जमेलच असं नाही. टेप घेऊन तळाच्या कडेला मोजा. बाहेरच्या बाजूला, चाईनपासून (तळ आणि बाजूची भिंत जिथे मिळतात त्या कडेपासून) निदान ३ इंच सोडायचे. पत्रा त्याहून बाहेर नेला तर वळणात तो पाण्यात खुपतो आणि तुषार आत फेकतो. आतल्या बाजूला, इंजिनाच्या मध्यरेषेपासून निदान ८ इंच सोडायचे, म्हणजे टॅबवरून येणारं ढवळलेलं पाणी पंख्यात शिरत नाही. जागा असेल तर याहून जास्त सोडा. इंजिन दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पूर्ण वर करूनही पाहा. खालचा भाग टॅबला घासायला नको.

एक उदाहरण. १८ फुटी बोट, ट्रान्समची खालची रुंदी चाईनपासून चाईनपर्यंत ६६ इंच. अर्धी ३३. त्यातून बाहेरचे ३ आणि आतले ८ वजा केले की २२ इंच उरतात. १८ इंचाचा पत्रा आरामात बसतो. पण उजव्या बाजूला मध्यरेषेपासून १२ ते १५ इंचांवर मासे शोधण्याच्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर असेल तर तिथे १५ ते ३० एवढीच, म्हणजे १५ इंच जागा राहते. आता दोन मार्ग: ट्रान्सड्यूसर हलवा, नाहीतर दोन्ही बाजूंना १५ इंचांच्या आतला पत्रा घेऊन लांबी १२ इंच करा. ट्रान्सड्यूसर हलवणं जवळजवळ नेहमीच बरं. काहीही करा, पण डावा-उजवा पत्रा वेगवेगळ्या मापाचा लावू नका. प्रत्येक वेळी बोट एकीकडे ओढेल.

तळावरचे स्ट्रेक, म्हणजे लांबट उंचवटे, ट्रान्समपर्यंत येत असतील तर पत्रा त्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यात बसवा. उंचवट्यावर आडवा टाकलेला पत्रा नीट टेकत नाही आणि त्याच्या पुढून येणारं पाणी फेसाळ असतं. फेसाळ पाण्यावर टॅब काम करत नाही. हेच कारण पाणी आत घेणाऱ्या जाळ्या आणि ड्रेनच्या टोप्यांनाही लागू आहे: त्यांच्या थेट मागे पत्रा नको.

उंची विसरू नका. पत्रा हलवणारी दांडी ट्रान्समवर वर कुठेतरी टेकते. पोहण्याची फळी, ब्रॅकेट किंवा ट्रान्समची पायरी मध्ये येत असेल तर आखूड दांडीचा प्रकार लागतो. निर्मात्याने दिलेला कागदी साचा ट्रान्समवर चिकटवून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि आतूनही पाहा: दांडीच्या वायरीचं किंवा नळीचं भोक आत नेमकं कुठे उघडणार, आणि तिथे हात पोचतो का?

हायड्रॉलिक, इलेक्ट्रिक की आणखी काही

हायड्रॉलिक प्रकारात बोटीच्या आत एक पंप, तेलाची छोटी टाकी आणि व्हॉल्व्ह असतात. तिथून नायलॉनच्या नळ्या दोन्ही दांड्यांना जातात. बेनेट या कंपनीचं नाव या प्रकारात सर्वांत जुन्यांपैकी एक. पाण्यात वीज नसते, विजेचं सगळं आत कोरड्या जागी. दांडीवर अचानक जोर आला तर तेल थोडं उशीसारखं काम करतं. त्रास होतो तो नळीच्या जोडांतून गळती झाली, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, किंवा तेल कमी झालं तर. तेल बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच चालतं, पण मॅन्युअल पाहूनच टाका.

इलेक्ट्रिक प्रकारात प्रत्येक दांडीतच मोटर आणि स्क्रू असतो. लेन्को हे त्यातलं ओळखीचं नाव. बसवायला सोपं: तेल नाही, पंप नाही, फक्त वायरी. जिथे थांबवली तिथेच दांडी ठाम राहते. पण मोटर पाण्यात आहे. सील गेलं की पाणी आत शिरतं आणि बहुतेक वेळा दुरुस्ती न होता दांडीच बदलावी लागते. आधीच गच्च भरलेल्या छोट्या बोटीत पंपाला जागा शोधण्यापेक्षा इलेक्ट्रिक बरं. बोट वर्षभर खाऱ्या पाण्यात बांधलेली राहणार असेल तर हायड्रॉलिककडे कल ठेवा. दोन्हींची ताकद छोट्या बोटीला पुरून उरते, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पत्रा ३० इंचांच्या पुढे गेला तर मात्र एका पत्र्याला दोन दांड्या लागतात.

तिसरा प्रकार वायूने भरलेल्या दांडीचा. बटण नाही, वायर नाही. थांबलेल्या बोटीत पत्रा खाली असतो आणि वेग वाढला की पाण्याचा दाब त्याला वर ढकलतो. हलक्या, १६-१८ फुटांपर्यंतच्या बोटीला, प्लेनवर पटकन चढणं एवढंच हवं असेल तर हा स्वस्त आणि चांगला पर्याय. पण मुद्दाम नाळ दाबणं किंवा वाऱ्यामुळे आलेला कल काढणं याने होत नाही. तसंच मागे घेताना पत्रा खालीच असतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

इंटरसेप्टर हा पत्राच नव्हे. ट्रान्समच्या कडेला बसवलेल्या चपट्या पेटीतून एक पातं सरळ खाली सरकतं. काही मिलिमीटर बाहेर आलं तरी त्याच्या पुढे तळाखाली दाब वाढतो. बोटीच्या मागे काही लोंबत नाही, प्रतिक्रिया झटपट येते आणि आपोआप समतोल ठेवणाऱ्या यंत्रणेशी छान जमतं. पण पात्याच्या खाचेत शंख-शिंपले वाढले की ते अडकतं. म्हणून बोट पाण्यातच राहत असेल तर नियमित साफसफाई हा खरेदीचाच भाग समजा.

बटणांच्या पॅनेलवर दोन गोष्टींसाठी जादा पैसे द्यायला हरकत नाही: टॅब कुठे आहे ते दाखवणारे दिवे आणि चावी बंद केली की टॅब आपोआप वर घेणारी सोय. दिवे नसतील तर लाटांत टॅबचा अंदाज चुकतोच.

बसवणं

बोट ट्रेलरवर सपाट उभी करा. सरळ पट्टी तळाला लावून मागे काढा. पत्र्याची बिजागरी तळाच्या कडेपासून साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच, म्हणजे ६ ते ९ मि.मी. वर हवी. तळाच्या अगदी रेषेत किंवा खाली बसवली तर टॅब वर असतानाही पाणी त्यावर आदळतं आणि बोट आधीच थोडी नाळ दाबून धावते. दांडी पूर्ण आत असताना पत्र्याची मागची कड पट्टीच्या रेषेच्या थोडी वर राहायला हवी. दांडीचा वरचा टेकू ठरवताना हेच तपासा, भोक पाडल्यावर नव्हे.

साचा चिकटवा, दोन्ही बाजूंचं माप चाईनपासून आणि मध्यरेषेपासून दोनदा घ्या. ड्रिल लावण्याआधी भोकांच्या जागी मास्किंग टेप चिकटवा आणि सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे वरचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) तडकत नाही. बिजागरीला बहुधा १० नंबरचे स्क्रू असतात. त्यांना सुमारे ३ मि.मी. चं भोक पुरतं. भोकाचं तोंड थोडं पसरट करा, नाहीतर स्क्रू आवळताना जेलकोट ताऱ्यासारखा फुटतो.

आता खरं महत्त्वाचं काम. बहुतेक ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. ड्रिलच्या दातांना लागलेला भुसा हातावर घेऊन पाहा. कोरडा, पिवळट असेल तर ठीक. ओला, काळपट, कुजट वासाचा असेल तर काम तिथेच थांबवा. टॅबच्या आधी ट्रान्सम दुरुस्त करायला हवा. भुसा कोरडा असला तरी पाण्याखाली येणारी भोकं नुसत्या सीलंटच्या भरवशावर सोडणं बरं नाही. भोक मोठं करून, घट्ट केलेलं इपॉक्सी भरून, सुकल्यावर पुन्हा नेमकं भोक पाडलं तर पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. एक दिवस जास्त जातो, ट्रान्सम वाचतो.

सीलंट सागरी वापराचं, पण काढता येण्यासारखं घ्या. ३एम कंपनीचं ५२०० फार पक्कं धरतं. पुढे टॅब बदलायची वेळ आली तर जेलकोटसह निघून येतं. त्याच कंपनीचं ४२०० किंवा तशा प्रकारचं पुरेसं आहे. सीलंट प्रत्येक भोकात, स्क्रूच्या आट्यांवर आणि बिजागरीच्या मागे, सगळीकडे लावा. स्क्रू एकदम कचकचून आवळू नका. सगळं सीलंट बाहेर पिळून निघतं.

वायरिंगमध्ये निर्मात्याने सांगितलेला फ्यूज बॅटरीच्या बाजूला टाका, आणि वायर पॅनेलपासून ट्रान्समपर्यंत जाऊन परत येण्याच्या एकूण लांबीला पुरेल इतकी जाड घ्या. जोड बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, पाणी साचेल तिथे ठेवू नका. मग जमिनीवरच तपासा: ‘डावी नाळ खाली’ हे बटण दाबलं की उजवा टॅब खाली यायला हवा. उजवा मागचा कोपरा उचलला गेला की डावी नाळ खाली येते. हे उलटं वाटतं आणि वायरी उलट जोडल्या जाण्याचं कारणही बहुतेक वेळा तेच असतं.

बोट खाऱ्या पाण्यात राहणार असेल तर प्रत्येक पत्र्यावर झिंकचा अॅनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) लावा आणि त्यावर रंग फासू नका. रंगवलेला अॅनोड निकामी. पत्र्याला अँटीफाउलिंग (शिंपले चिकटू न देणारा रंग) लावता येतं, पण दांडीच्या चकचकीत सरकत्या भागाला नाही. बोट उभी करताना टॅब नेहमी वर. बाहेर राहिलेल्या दांडीवर शिंपले चिकटतात आणि पहिल्याच बटणाला ते सील फाडत आत जातात.

पहिल्या फेरीत

सपाट पाण्यावर, टॅब पूर्ण वर ठेवून निघा. वेग वाढवताना दोन्ही टॅब थोडेथोडे खाली घ्या: बटण अर्धा सेकंद दाबा, सोडा, बोट काय करते ते दोन-तीन सेकंद पाहा, मग पुन्हा. नवखा माणूस बटण धरून ठेवतो आणि बोट उशिरा प्रतिसाद देते म्हणून नेहमी पलीकडे जातो. बोट प्लेनवर आली की टॅब थोडे वर घ्या आणि मग इंजिनाचा ट्रिम हळूहळू बाहेर काढा, वेग वाढणं थांबेपर्यंत. कल दिसत असेल तर फक्त त्या बाजूचा टॅब खाली करा.

खोल व्ही-तळाची बोट बाजूच्या वाऱ्यात वाऱ्याकडेच झुकते, हे अनेकांना चमत्कारिक वाटतं. वारा नाळ ढकलतो, आपण नकळत वाऱ्याकडे सुकाणू धरतो, आणि बोट वळणात कलते तशी कलते. वाऱ्याकडच्या बाजूचा टॅब थोडा खाली केला की ती सरळ होते.

समोरून लाटा असतील तर नाळ दाबा, म्हणजे तळाचा धारदार पुढचा भाग लाट कापतो. मागून लाटा येत असतील तर टॅब वर, आणि याला अपवाद नाही. नाळ दाबलेली असताना मागची लाट बोट ढकलते, नाळ पुढच्या लाटेत रुतते आणि मागचा भाग बाजूला फिरून बोट आडवी होते. मागे घेतानाही टॅब वर हवेत. खाली असतील तर पाणी पत्र्याच्या वरून दाबतं आणि दांडीचा टेकू किंवा पत्रा वाकतो.

टॅब जास्त खाली आहेत हे ओळखायच्या खुणा: सुकाणू अचानक जड झालं किंवा एकीकडे खेचतंय, तुषार फार पुढून उडतायत, त्याच थ्रॉटलवर वेग कमी झाला.

बिघडलं तर

एक टॅब धावताना आपोआप वर जात असेल आणि यंत्रणा हायड्रॉलिक असेल, तर त्या बाजूच्या नळीचे जोड कोरड्या कापडाने पुसून गळती शोधा. काही सापडलं नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. इलेक्ट्रिकमध्ये एक बाजू हलत नसेल तर दोन्ही दांड्यांच्या जोडणीची अदलाबदल करा. बिघाड त्या दांडीबरोबर गेला तर दांडी गेली. बटणाबरोबर राहिला तर बटण किंवा वायर. दोन्ही एकदम बंद असतील तर आधी फ्यूज आणि ग्राउंड पाहा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा टाकू नका. पत्रा वाकून कुठेतरी घासतोय किंवा दांडीत पाणी गेलंय, आणि मोठ्या फ्यूजने फक्त वायर तापेल.